फळी कोणी उचलायची?

गेल्या फेब्रुवारीत आजोळहून मामेभावाचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं. बेळगावात थंडी उतरली का, गुडघ्याचं काय, नातू चालायला लागला का. मग मुद्दा. "ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद पाठवलाय. प्रिंट काढ, सही कर आणि कुरियरने पाठवून दे. बाकी सगळ्यांच्या झाल्या. तुझी आणि दादाची तेवढी राहिलीय."

कागद संमतीपत्राचा होता. आजोळच्या खाजनात ज्यांचे ज्यांचे कुणगे आहेत, म्हणजे भाताची शेतं आहेत, त्या सगळ्यांनी ते तीन वर्षांसाठी मासळीच्या एका व्यापाऱ्याला द्यायचे. तो बारा महिने खारं पाणी आत घेणार, आत सुंगटं आणि मासे वाढवणार आणि प्रत्येक खातेदाराला वर्षाला ठरलेली रक्कम देणार. रक्कम वाईट नव्हती. आमच्या वाटणीचा कुणगा आठ-नऊ वर्षं पडीक आहे. त्यातून आजवर एक पायली भात बेळगावला आलेलं नाही.

माझी सही कशाला लागते, हे बाहेरच्या मंडळींना कदाचित कळणार नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून मुलींना वडिलांच्या मिळकतीत मुलांइतकाच वाटा आहे. आजोबांच्या मागे मामाइतकाच आईचा हक्क, आणि आईच्या मागे आम्हा दोघा भावंडांचा. लग्न करून गोव्याबाहेर गेलेल्या कितीतरी आया-मावश्यांची नावं अशी कागदोपत्री मागे राहिलेली असतात. एरवी त्यांची आठवण कुणाला येत नाही, सही लागली की येते.

आठवडाभर तो कागद मी टेबलावर तसाच ठेवला. मग फोन करून "नको" म्हटलं. मामेभाऊ रागावला नाही, नुसता गप्प झाला. त्याचं मला जास्त लागलं. नातेवाइकांत मग बोलणं झालंच, की "बेळगावात बसून हिला काय जातंय". त्या बोलण्याला उत्तर म्हणून नव्हे, पण मी नाही का म्हटलं ते एकदा नीट लिहावं असं वाटलं. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा कागद आज ना उद्या येणार आहे.

इंदूर-बडोदा-हैदराबादकडच्या वाचकांसाठी आधी खाजन म्हणजे काय ते सांगते. मांडवी आणि जुवारी या गोव्याच्या मोठ्या नद्या. त्यांत समुद्राचं पाणी भरतीबरोबर कित्येक मैल आत चढतं. या नद्यांच्या आणि त्यांच्या खाड्यांच्या काठची सखल, खारी दलदल कुणा पूर्वजांनी बांध घालून अडवली आणि त्यात भात पिकवलं. ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणजे बांधावर उभं राहिलं की एका बाजूला नदी उंच आणि दुसऱ्या बाजूला शेत खोल. लहानपणी मला ते फार विचित्र वाटायचं. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून हे चाललं आहे. अशी जमीन गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर आहे, असं सरकारी अहवालात म्हटलेलं आहे.

नुसत्या बांधावर भागत नाही. पावसाळ्यात शेतात साचलेलं गोडं पाणी नदीत जायला हवं, पण नदीचं खारं पाणी आत यायला नको. त्यासाठी बांधात मानस असते. चिऱ्यांच्या भिंती आणि त्यांच्यामध्ये लाकडी दारं. भरती आली की नदीचं पाणी बाहेरून दाराला रेटतं आणि दार आपोआप मिटतं. सुकती लागली की आतलं पाणी जोर करतं आणि दार उघडतं. ना वीज, ना इंजिन. याशिवाय फळ्या असतात, त्या माणसाने काढायच्या आणि घालायच्या, म्हणजे आत किती पाणी ठेवायचं ते हातात राहतं. लाकूड माट्टीचं, आपण ज्याला ऐन म्हणतो त्याचं. खाऱ्या पाण्यात ते वर्षानुवर्षं टिकतं. मानशीच्या आतल्या अंगाला खोल खळगा असतो, त्याला पोंय म्हणतात. पाणी आधी तिथे दमतं, मग पाटातून शेताकडे जातं.

माझे आजोबा ही फळी बघायचे. त्यांना कुणी नोकरीवर ठेवलेलं नव्हतं, पण आमचा कुणगा मानशीला सगळ्यात जवळचा, पाणी चढलं तर आधी आमचं भात जायचं. त्यामुळे फळीची काळजी आमच्या घरावर आली असावी. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गेलो की ते पहाटे मला बांधावर घेऊन जात. चालताना नजर पायाशी. कुर्लीचं बीळ दिसलं की काठीने मोजत, आणि खोल असेल तर तिथल्या तिथे चिखलाचा गोळा टाचेने दाबून बसवत. बांधावर झाड उगवलेलं त्यांना खपत नसे. उपटून टाकत. "वाऱ्याने हे पडलं की मुळाबरोबर बांध घेऊन जाईल." पण बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला जी खारफुटी होती तिला कुणी कोयती लावली तर शिव्या. लाटेचा पहिला मार ती खाते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

भरतीची वेळ ते बोटांवर काढत. तिथीची पाऊणपट केली की किती वाजता भरती ते कळतं, हा हिशेब कोकणात सगळीकडे आहे. अष्टमीला सहा, पुनवेला नि अवसेला बाराच्या आसपास. पण आमचं गाव नदीच्या मुखापासून आत, तिथवर पाणी चढायला उशीर लागतो. तो उशीर किती, हे पंचांगात नाही. वारा कुठला आहे आणि वर घाटात पाऊस झाला का, यावर तो बदलतो. आजोबा नदीकडे बघून सांगत. त्यांचं एक वाक्य आईच्या तोंडी कायम असे: "उदक कोणाचें आयकना." पाणी कुणाचं ऐकत नाही.

बांधाची दुरुस्ती उन्हाळ्यात, आणि तीही अष्टमीच्या सुमारास. तेव्हा भांग असते, पाणी फार चढत नाही. पोंयीच्या तळातला चिकट गाळ काढायचा, त्याचे गोळे करून पेंढ्याबरोबर बांधावर थापायचे. पोंयही खोल झाली आणि बांधही भरला. इंजिनियर झालेल्या माझ्या भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, एका कामात दोन बिलं वाचली. मला त्याचं म्हणणं आवडलं.

मग मिरगाचा पाऊस. पहिले चार-सहा मोठे पाऊस पेरणीसाठी नसतात, मीठ धुवायला असतात. सुकतीला मानस उघडी, भरतीला बंद, पुन्हा उघडी, असं करत करत जमिनीतला खार उतरवायचा. आजोबा चिमूटभर माती जिभेवर ठेवून थुंकत. मग मोड आणलेलं कोरगुटाचं बी पडायचं. कोरगूट हा या जमिनीचाच भात. खार सोसतो, उंच वाढतो, गळ्याशी पाणी आलं तरी उभा राहतो. उतारा कमी, पण पेज काय लागते! (आता कोरगुटातूनच निवडलेली 'गोवा धान' मालिकेतली वाणं निघाली आहेत, त्यांचा उतारा बरा म्हणतात.) कापणी झाली की पुन्हा खारं पाणी आत. त्याने तण मरतं, गाळ बसतो आणि मासे येतात.

माशांचं सांगितलं नाही तर गोवेकर मला माफ करणार नाहीत. भरतीबरोबर बारीक मासळी आत येते, पोंयीत आणि पाटांत पोसते, आणि सुकतीबरोबर बाहेर निघते तेव्हा मानशीच्या तोंडाला जाळं लावलेलं असतं. अवसेच्या रात्री मामाबरोबर मी एकदा गेले होते. पेट्रोमॅक्सचा उजेड, पाण्याचा घोंघाट आणि जाळं वर येताना त्यात उड्या मारणारी सुंगटं. शेवटे, काळुंद्र, कधी एखादा चोणक, कुर्ल्या तर किती. कुर्लीने मामाच्या अंगठ्याला धरलं आणि त्याने जे शब्द उच्चारले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

पण ही मासळी फुकट नव्हती. मानशीवर मासे धरायचा हक्क दर वर्षी पावणीत जायचा, म्हणजे लिलावात. आणि पावणीला अटी होत्या. जाळं सुकतीलाच. भात उभं असताना फळी काढायची नाही. आत पाणी ठरलेल्या खुणेच्या वर घ्यायचं नाही. चिऱ्यावर ती खूण कोरलेली होती, मी हात लावून पाहिली आहे. ज्याने पावणी घेतली त्याने मानस सांभाळायची. पावणीचे पैसे गावाचे, त्यातून बांध. आणि बांध फुटला तर ढोल वाजायचा, घरटी एक माणूस, रात्र असो की पाऊस. या एकत्र धावण्याला जुनी माणसं भौस म्हणत.

गोव्यातली गावकारी, जिला पुढे कोमुनिदाद म्हणू लागले, ती या बांधांच्या पायीच उभी राहिली असावी, असं माझं मत. १५२६ साली पोर्तुगिजांनी गावकारीच्या चालीरीती फोरालमध्ये लिहून काढल्या, तेव्हा त्या आधीच जुन्या होत्या. एकट्याने भाताचं शेत राखता येतं, खाजन राखता येत नाही. माझा कुणगा कोरडा राहायचा तर शेजाऱ्याच्या हद्दीतला बांध धड हवा. शिवोलीच्या गुडे वाड्यावर डिसेंबरात जागर होतो, त्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही असतात, आणि त्या जागऱ्याला गावाचा नि बांधाचा राखणदार मानतात. पाणी काही धर्म विचारून आत शिरत नाही, त्यामुळे राखणदारही दोघांचा.

इथवर वाचून कुणी "वा, आपले पूर्वज किती शहाणे" असं लिहायला घेतलं असेल तर जरा थांबा. मला त्या वाक्याची भीती वाटते. पूर्वजांचं शहाणपण म्हणून जे फॉरवर्ड फिरतात त्यांत कुणी चिखलात उतरलेलं नसतं. ही व्यवस्था गोडगुलाबी नव्हती. गावकारांना जोण मिळायची, म्हणजे नफ्यातला वाटा, आणि बांधावर माती वाहणाऱ्या कुणब्या-गावड्यांना मजुरी. बायकांना गावकारीत आवाज नव्हता. माझ्या आजीने आयुष्यभर लावणी केली आणि एकाही बैठकीत ती बसली नाही. आम्ही स्वतः कूळ. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती झाली नसती तर एक-चौदाच्या उताऱ्यावरचं आजोबांचं नाव आज मालकाचं झालं नसतं, आणि माझ्या सहीला किंमतही नसती. त्यामुळे 'जुनं तेच बरं' हे मी म्हणू शकत नाही.

पण एक गोष्ट त्या बदलात निसटली. जमीन वाटली गेली, बांध वाटता येत नव्हता. कोमुनिदादीचा पूर्वीचा अधिकार गेला, म्हणून १९७५ च्या नियमांनी कुळांची संघटना केली, आमच्याकडे तिला टेनंट असोसिएशनच म्हणतात. बांध, मानस आणि पावणी तिच्याकडे, आणि वर मामलेदारांची देखरेख. कागदावर छान. प्रत्यक्षात कुळांची पोरं शिकली. कुणी वास्कोला, कुणी पुण्याला, कुणी आखातात गेलं. बैठकीला येणारी माणसं सात-आठ. मजुरी वाढली, भाताला भाव नाही, आणि त्याच वेळी सुंगटांचा भाव आभाळाला. आता फळी उचलताना माणूस कुठलं पीक बघणार?

भांडण इथेच आहे. भाताला पाणी खुणेच्या खाली हवं, माशाला वर. जोवर भात आणि मासे दोन्ही एकाच गावाच्या तोंडात पडत होते तोवर फळी मध्ये कुठेतरी थांबत होती. पावणी घेणारा बाहेरचा झाला आणि शेतकरी गावात उरला नाही, की फळी वरच राहते. आजोबांचं ज्ञान म्हणजे नुसतं भरतीचं गणित नव्हतं. ते गणित चुकलं तर त्यांच्याच घरात पेज शिजणार नव्हती. ज्याचं भात पाण्याखाली जात नाही त्याला तिथीची पाऊणपट कितीही येऊ दे.

बारा महिने पाणी आत राहिलं तर काय होतं ते शेजारच्या एका गावात मी पाहिलं आहे. बांध दोन्ही अंगांनी भिजतो, उन्हाळ्यात सुकून घट्ट व्हायला त्याला वेळच मिळत नाही. कुर्ल्यांची बिळं वाढतात, बुजवायला कुणी नाही. एका उधाणाला भगदाड पडतं. मग शेत राहत नाही, खाडी होते. काठच्या विहिरींचं पाणी मचूळ लागू लागतं. चार-पाच वर्षांत आत खारफुटी उगवते, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे पुन्हा शेत करायचं मनात आणलं तरी वाट अवघड. खारफुटी वाईट नाही, नदीच्या बाजूला ती हवीच. पण खाजन हीसुद्धा निसर्गाचीच एक रीत आहे. तिथे भाताबरोबर मासे, बगळे, बेडूक, गोड्या विहिरी सगळं होतं. २०११ च्या किनारी नियमांत गोव्याच्या खाजनांचा वेगळा उल्लेख करून ती राखायला सांगितलं आहे. २०२३ साली गोव्यात शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदाही झाला. चांगलंच आहे. पण कायदा जमीन विकू देत नाही इतकंच, फळी तो उचलत नाही की घालत नाही.

"सरकारने करावं" हे उत्तर मला ठाऊक आहे. सरकार करतं, नाही असं नाही. आमच्याकडेही बांधाला पैसे आले होते. काम पाणी कमी असताना व्हायचं ते मे महिन्याच्या शेवटी, ऐन उधाणाला सुरू झालं. मशीन आणलं, आणि माती कुठून घेतली तर बांधाच्याच पायथ्याची. आजोबा असते तर मशीनसमोर आडवे पडले असते. माट्टीच्या दाराऐवजी लोखंडी दार बसवलं, ते काही वर्षांत गंजून अडकलं आणि अर्धवट उघडं राहिलं. ठेकेदार वाईट माणूस नव्हता, त्याने मला चहा पाजला. त्याला फक्त अष्टमी माहीत नव्हती, आणि सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारण्याची टेंडरात सोय नव्हती.

हे फक्त गोव्यात होतं असं समजू नका. आमच्या बेळगावात बळ्ळारी नाला आहे. दर पावसाळ्यात त्याचं पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात शिरतं, भात कुजतं, पेपरात फोटो येतो. नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढायला हवी हे लहान पोरसुद्धा सांगेल. पण कुणाची पाळी, हे ठरलेलं नाही.

आता मामेभावाची बाजू. ती मांडली नाही तर मी खोटी ठरेन. मी नाही म्हटल्यावर दोन दिवसांनी त्याने परत फोन केला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, तू मेमध्ये येतेस, बांधावर फोटो काढतेस. जूनमध्ये येत नाहीस. पेरणारा मी एकटा. शेजारचे नऊ कुणगे पडीक, त्यांतलं तण आणि उंदीर माझ्याकडे. लावणीला बाई मिळत नाही. गेल्या वर्षी भात विकून मजुरीही निघाली नाही. त्या माणसाचे पैसे आले तर मुलीची फी भरता येईल. तू सही नको करू, पण मग पेरायला ये."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पडीक कुण्यांपैकी एक आमचाच होता. म्हणजे ज्या खाजनासाठी मी गळा काढत होते ते बुडवणाऱ्यांत मीही होते, आठ-नऊ वर्षं. बाहेर राहणारी आपण माणसं स्वतःला या गोष्टीत प्रेक्षक समजतो. प्रत्यक्षात आपलं शेत पडीक असतं, आपण बैठकीला नसतो, त्यामुळे गणपूर्ती होत नाही, त्यामुळे पावणीच्या अटी कुणी वाचत नाही, आणि वर्षाच्या शेवटी मासळीचा वाटा आला तर तो मात्र आपण घेतो. माझ्या आईने घेतला, मी घेतला. त्या पैशाची मी एकदा कांजीवरम साडी घेतली होती. अजून कपाटात आहे.

म्हणून माझं मत असं आहे, आणि ते कुणाला कडू लागलं तरी चालेल. जे गावात राहत नाहीत त्यांनी मासळीच्या पैशाचा वाटा घेऊ नये. तो आधी बांधाला जावा. उरला तर पेरणाऱ्याला, एकरी ठरवून. पडीक कुणगा जो पेरेल त्याला लेखी कराराने द्यावा, फुकट. कूळ लागेल ही भीती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसली आहे, मला मान्य आहे. म्हणूनच एकेकट्याने देऊ नये, सगळ्यांनी मिळून असोसिएशनमार्फत, वकिलाला दाखवून, मुदत घालून द्यावा. आणि मासे बंद करा असं मी म्हणत नाही. मासे हवेतच, त्यांच्यावरच बांध चालणार आहे. पण कापणीनंतर ते मे महिन्यापर्यंत, खुणेच्या खाली. फळी पावणी घेणाऱ्याच्या हातात नको, पेरणाऱ्यांनी निवडलेल्या माणसाच्या हातात हवी, आणि त्याला पगार हवा. आजोबा फुकट करत होते, कारण त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. आज कुणाकडून ती अपेक्षा ठेवणं हा लबाडपणा आहे.

आणखी एक. सह्या कुरियरने पाठवायचं बंद करा. सही करायची असेल तर गावात जाऊन, बांधावर एकदा चालून, मग करा. मी हे सांगते कारण तो कागद आला त्या दिवशी मी पेन हातात घेतलं होतं. थांबले ते निसर्गप्रेमाने नव्हे. प्रिंटर चालत नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवसावर गेलं, आणि रात्री आजोबांची काठी आठवली.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. एप्रिलमध्ये मी गेले, दादालाही पुण्याहून बोलावून घेतलं. असोसिएशनची बैठक देवळाच्या मंडपात झाली. कितीतरी वर्षांनी वीसच्या वर माणसं आली होती, त्यांत चौघी माझ्यासारख्या, माहेरच्या वाट्यापुरत्या. दोन तास भांडण. एका काकांनी मला सरळ विचारलं, "बाय, तू कोणाची?" आईचं नाव सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, हिचा आजो फळीवर झोपायचा. तीन वर्षांचा करार झाला नाही. एका वर्षाची पावणी झाली, भात उभं असताना फळी न काढण्याच्या अटीवर. आम्ही काही जणांनी आपला वाटा बांधाला लिहून दिला. सगळ्यांनी नाही दिला. ज्यांनी दिला नाही त्यांत माझे दोन चुलतमामा आहेत आणि ते माझ्याशी बोलत नाहीत.

आमचा कुणगा मामेभावाने यंदा पेरला. बी कोरगुटाचं, मामीच्या माहेरून आणलेलं. जुलैत चार दिवस मीही गेले होते. लावणी करण्याएवढी कंबर राहिलेली नाही, म्हणून मजुरांसाठी पेज करून शेतावर नेली. मानशीचं लोखंडी दार अजून तसंच अर्धवट उघडं आहे, त्याच्या मागे तात्पुरत्या फळ्या लावल्या आहेत. माट्टीचं लाकूड कुठे मिळेल आणि मानशीचं दार बनवणारा सुतार अजून कुणी आहे का, याची चौकशी चालू आहे. कुणाला माहिती असेल तर खाली लिहा. चुडतेच्या भांगेच्या आधी, म्हणजे चतुर्थी उरकल्यावर, मोजमाप घ्यायचं आहे.